कानवाल्या बाई आणि निळ्या डबीचा माल

कानवाल्या बाई भाजी घ्यायला गेल्या, की आधी भाजीवाल्याचा आवाज ऐकत आणि मग भाजीकडे बघत. ‘आजचीच आहे’ म्हणताना त्याचा आवाज शेवटाला जरासा वर चढला, की बाई पिशवीची घडीही न मोडता पुढच्या गाडीकडे वळत. एवढं करूनही त्यांच्या घरी अधूनमधून किडकी भेंडी यायचीच. पण तेव्हाही ‘मला वाटलंच होतं’ एवढं म्हणून त्या मोकळ्या होत. फसवणूक झाली तर झाली, पण आपण बेसावध होतो असं कुणी म्हणता कामा नये, असा त्यांचा बाणा होता.

हा स्वभाव त्यांना नोकरीने लावला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठरा वर्षं त्या डोक्याला हेडफोन अडकवून बसल्या होत्या. लोकांचे कॉल जोडता जोडता त्यांचे कान इतके तयार झाले, की ‘साहेब घरी नाहीत’ हे स्वतः साहेबच बोलताहेत, हे त्यांना दोन शब्दांत कळायचं. नवरा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. एकदा त्याचा फोन आला, तब्येतीची चौकशी झाली, आणि बाईंनी मधेच विचारलं, “अहो, जहाजावर कोंबडा कुठून आला?” तो बिचारा बंदरातल्या टपरीवरून बोलत होता. तेव्हापासून तो आधी आपण कुठे उभे आहोत ते सांगतो आणि मग बाकीचं बोलतो.

एक्स्चेंजमध्ये यंत्रं आली आणि बाई घरी बसल्या. त्याच सुमारास मालकांना कानाचा माणूस हवा होता. मालक म्हणजे इअरफोन आणि हेडफोन बाहेरून बनवून घेऊन, त्यांवर आपला शिक्का मारून विकणारे गृहस्थ. माल स्वस्तातला, खिशात टाकून कुठेही नेता येईल असा. मालकांना सगळेच आवाज सारखे वाटत आणि ते हे मोकळेपणाने कबूल करत. “वाजतंय की नाही एवढंच मला कळतं. कसं वाजतंय ते तुम्ही सांगायचं,” असं म्हणून त्यांनी बाईंना वरच्या मजल्यावरची एक खोली दिली. या गोष्टीला बारा वर्षं झाली. ‘कानवाल्या बाई’ हे नाव तिथेच पडलं. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं.

त्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या टेकवून ठेवल्या होत्या, म्हणजे रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये. ऐकताना पंखा बंद. त्यामुळे उन्हाळ्यात बाई घामाघूम होऊन बसत. जेवणानंतर कान जड होतात म्हणून ऐकायचं ते फक्त सकाळी. बाई म्हणत, महागाच्या मालाची परीक्षा सोपी असते, तो चांगलाच असायला हवा, नसेल तर परत पाठवा. स्वस्तातला माल कुठे ना कुठे वाईट असणारच. तो कुठे वाईट असलेला चालेल, हे ठरवण्यात खरी कसोटी.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी आवाज मोजायचं छोटं यंत्र लावून नवी जोडी आणि तुलनेची जुनी जोडी एका पातळीवर आणायच्या. कारण दोन जोड्यांतली जी जरा मोठ्याने वाजते ती माणसाला चांगली वाटते, आणि विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. मग लेकीचा आवाज लावायचा. लेक सात वर्षांची असताना तिने म्हटलेला सतराचा पाढा बाईंनी जपून ठेवला होता. फालतू इअरफोनमध्ये ‘सतरा’तला ‘स’ सुईसारखा टोचतो, आणि ‘सतरा पंचे पंच्याऐंशी’नंतर पोरीने घेतलेला श्वास गायबच होतो. त्यानंतर ढोलाचा एक ठोका. तो छातीशी यायला हवा आणि आला तसा थांबायलाही हवा. त्या भरीव खालच्या आवाजाला बाजारात बेस म्हणतात. मग काहीच न लावता नुसतंच ऐकायचं, बारीक सूं असा आवाज येतो का ते बघायला. शेवटी तासभर ते कानात ठेवून वहीत हिशेब लिहीत बसायचं, दुखतं का ते कळावं म्हणून. बाईंनी वहीत लिहिण्याआधी खोलीत कुणी चकार शब्द काढायचा नाही.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी एक काम. नमुन्याचे इअरफोन विक्रेत्याच्या, त्याच्या साहेबाच्या, आणखी कुणाकुणाच्या कानांत जाऊन आलेले असायचे. बाईंना त्याची किळस. म्हणून कानात जाणाऱ्या टोकांवरची रबरं त्या आधी चिमट्याने काढत, पाकिटात घालत, आणि आपली स्वतःची रबरं चढवत. ती त्यांनी श्रवणयंत्रं बनवणाऱ्याकडून आपल्या कानाच्या मापाने करून घेतली होती, मऊसूत, राखाडी. खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ती राहत आणि रोज साबणाच्या पाण्याने धुतली जात. बाईंनी आयुष्यात डोळे झाकून कशावर विश्वास ठेवला असेल, तर या रबरांवर.

खालच्या मजल्यावर गोदाम होतं आणि गोदामाची किल्ली बाईंच्या व्याह्यांकडे होती. म्हणजे आधी ते नुसते गोदामवाले होते. कंपनीच्या सहलीत बाईंची लेक आणि त्यांचा मुलगा एकाच बाकावर बसले, परत येताना बाक बदलायला तयार होईनात, आणि वर्षाच्या आत गोदामवाले व्याही झाले. सहा वर्षं झाली. माणूस वाईट म्हणावा असं बाईंना त्यांच्यात काही सापडलं नव्हतं, आणि हेच बाईंना खटकायचं. त्यात ते बोलायचे कमी. बोलणाऱ्याचा खोटेपणा आवाजातून पकडता येतो. जो बोलतच नाही त्याचं काय पकडणार? लेकीला मात्र सासऱ्यांचं फार कौतुक. “आई, ते मला कधी ओरडले नाहीत,” ती सांगायची. बाई म्हणायच्या, “अजून सहाच तर वर्षं झालीत.”

त्या वर्षी निळ्या डबीचा माल आला. कानात बसणारे, बिनवायरचे, बाजारातल्या कुठल्याही जोडीपेक्षा स्वस्त. बाईंनी तीन सकाळी ऐकून वहीत लिहिलं, ‘बेस भरीव. स टोचत नाही. श्वास ऐकू येतो. या किमतीत असं ऐकलं नव्हतं.’ बारा वर्षांत बाईंनी इतकं कौतुक कुणाचं केलं नव्हतं. मालकांनी ते वाचून भलामोठा माल मागवला. नेमका त्याच आठवड्यात एक विक्रेता यंत्राचा कान घेऊन आला होता. रबराचं डोकं, त्याच्या कानात इअरफोन घालायचा आणि पडद्यावर उमटणारी रेघ बघायची. मालक त्याला हसत म्हणाले, “आमच्या बाई चुकल्या, की घेऊ तुमचं डोकं.” बाईंनी ते हसणं ऐकलं. ते नुसतं तोंडातलं होतं, घशातलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यापासून निळ्या डब्या परत यायला लागल्या. आधी पाच, मग तीस, मग पोत्यानं. तक्रार एकच. आवाज किनरा आहे, बेस नावाला नाही.

बाईंनी परतीच्या मालातले चार नग वर मागवले. लोकांच्या कानातला मळ लागलेल्या त्या वस्तूंवर आपली रबरं चढवणं शक्यच नव्हतं. त्यांनी त्या नगांवरचीच रबरं स्पिरिटने पुसली, नाक मुरडलं आणि ऐकलं. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. ढोलाचा ठोका म्हणजे कुणीतरी बोटाने टेबल वाजवल्यासारखा. मग त्यांनी गोदामातून नुकतीच आलेली, शिक्का न फुटलेली पेटी मागवली, तीन डब्या फोडल्या, नेहमीप्रमाणे आपली रबरं चढवली आणि ऐकलं. आवाज भरीव. लेकीचा श्वास जिथल्या तिथे.

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. येतो तो माल चांगला, दुकानात पोचतो तो वाईट. मधे काय आहे? गोदाम. गोदामाची किल्ली कुणाकडे आहे? त्यांनी कागदावर आडव्या-उभ्या रेघा मारून पाहिलं, दर वेळी बोट एकाच जागी येऊन थांबत होतं. त्यातून आणखी एक गोष्ट निघाली. काही दुकानांतून एकही तक्रार नव्हती. म्हणजे ओळखीच्यांना अस्सल आणि बाकीच्यांना नक्कल. इथे नक्की पाणी मुरत होतं.

त्या दिवसापासून बाईंनी व्याह्यांवर पाळत ठेवली. जेवणाच्या सुट्टीत सगळे वर गच्चीवर जात, व्याही मात्र गोदामाला आतून कडी लावून घेत. पूर्वी लावत नसत. बाईंनी दाराला कान लावला. चिकटपट्टी सोलल्याचा आवाज आला, डबीचं झाकण निघाल्याचा आला, मग काहीतरी बारीक, ओळखू न येणारं, मग झाकण परत बसल्याचा. पुन्हा चिकटपट्टी. अर्ध्या तासात बावीस झाकणं बाईंनी मोजली. दुसऱ्या दिवशी त्या जिन्यावरच्या झरोक्याशी उभ्या राहिल्या. व्याही जमिनीवर फतकल मारून बसले होते. एका बाजूला उघडलेल्या निळ्या डब्यांची रास, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, आणि पाठ झरोक्याकडे. हातात काय चाललंय ते दिसत नव्हतं. बाईंना आणखी बघायची गरज वाटली नाही.

लेकीचा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. पण माल आपण पास केला होता. दोष मालात असेल तर तो आपल्या कानाचा दोष, आणि मग ते रबराचं डोकं आपल्या खुर्चीवर येणार. सकाळी त्या थेट मालकांच्या खोलीत गेल्या आणि जे पाहिलं ते सांगितलं.

मालकांनी व्याह्यांना बोलावून घेतलं. बाई बाजूच्या खुर्चीवर बसून होत्या.

“निळ्या डब्या तुम्ही उघडत होतात?” मालकांनी विचारलं.

“हो,” व्याही म्हणाले.

“माल बदलला?”

“नाही. एकही नग इकडचा तिकडे झालेला नाही.”

“मग उघडल्या कशाला?”

व्याह्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं आणि नजर आपल्या चपलांकडे वळवली. “ते मला सांगता येणार नाही.”

“अहो, सांगता येणार नाही म्हणजे काय? मी काय समजायचं?”

“तुम्हाला योग्य वाटेल ते समजा.”

त्यांचा आवाज चढला नाही, कापला नाही, शेवटाला वळला नाही. बाईंच्या स्वतःच्या नियमाने तो खऱ्या माणसाचा आवाज होता. पण बाईंनी काय करावं? त्यांनी मनाशी ठरवलं की माणूस सराईत आहे. मालकांनी व्याह्यांना किल्ली टेबलावर ठेवायला सांगितली आणि ‘बोलायचं ठरलं की या’ म्हणून घरी पाठवलं. व्याही कोपऱ्यातली जेवणाची पिशवी घेऊन निघून गेले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. “आई, यांचे बाबा घरी बसलेत. कुणाशी बोलत नाहीत. तू मालकांना काय सांगितलंस?”

“जे पाहिलं ते.”

“आणि त्यांना चोर म्हणालीस?”

“तो शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही.”

“तो तुझ्या तोंडून कधीच निघत नाही, आई. तू नुसती गप्प बसतेस आणि समोरच्याला तो ऐकू येतो.” मग लेक हळू आवाजात म्हणाली, “हे माझ्याशी बोलत नाहीयेत. सासूबाई माझ्या ताटात वाढतात आणि आत निघून जातात. मला या घरात राहायचंय गं.”

पोर फोन करण्याआधी रडली होती, हे बाईंना पहिल्या शब्दालाच कळलं होतं. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. मग त्यांच्यातली जुनी बाई जागी झाली. पुरावा हवा. पक्का पुरावा मिळाला, की लेकीलाही पटेल आणि जावयालाही.

चार दिवसांनी नवीन माल आला. किल्ली आता बाईंकडे होती. त्यांनी स्वतः पेटी फोडली, तीन नग ऐकले. भरीव. मग चाळीस डब्या मोजून वेगळ्या काढल्या, प्रत्येकीवर कागदी चिकटपट्टी लावली, पट्टीवर आडवी सही केली, आणि टेंपोत पुढच्या सीटवर बसून त्या स्वतः दुकानात पोचवल्या. आता या मालाला व्याह्यांचा वाराही लागलेला नव्हता.

नवव्या दिवशी त्या दुकानदाराचा फोन आला. चाळिसांपैकी बावीस विकले होते, अकरा परत आले होते. तक्रार तीच.

बाईंनी फोन खाली ठेवला तेव्हा त्यांना पहिलं जे वाटलं, ते सांगायलाच हवं. त्यांना वाटलं, हा दुकानदारही व्याह्यांना सामील आहे.

दुसऱ्या दिवशी कचेरीत न जाता त्या घरूनच तडक दुकानात गेल्या. दुकान म्हणजे मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि घड्याळाचे पट्टे यांनी गच्च भरलेली अरुंद बोळ. दुकानदार सुपारी चघळत होता.

“माझ्यासमोर फोडा,” बाई म्हणाल्या.

“फोडतो की. तुमचीच सही आहे ना ही? नीट बघून घ्या.”

सही त्यांचीच होती. पट्टी कुठे उचकटलेली नव्हती. त्यांनी नखाने तीनदा तपासलं. दुकानदाराने डबी फोडली आणि इअरफोन पुढे केले. बाईंनी पर्स चाचपली. गोळ्यांची डबी कचेरीतल्या टेबलावर राहिली होती. नाइलाजाने त्यांनी होते तसेच इअरफोन कानात घातले आणि लेकीचा पाढा लावला. सात वर्षांची पोर पत्र्याच्या डब्यात बसून बोलत होती. ‘स’ टोचत होता. पंच्याऐंशीनंतर श्वासच नव्हता.

“ऐकलंत?” दुकानदार म्हणाला. “आणि मघापासून माझ्याकडे असं बघताय, जसा मीच रात्री बसून हे बनवतो.”

बाईंनी तेच इअरफोन रुमालात गुंडाळले आणि कचेरी गाठली. खोलीत येऊन दार लावलं, पंखा बंद केला, आपली रबरं चढवली. आवाज भरीव. ती काढली, डबीतली चढवली. पत्रा. पुन्हा आपली, पुन्हा डबीतली. असं सहा वेळा केलं. सातव्यांदा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग त्यांनी खण उघडून नमुन्याच्या वेळचं पाकीट काढलं, ज्यात त्यांनी निळ्या डबीची रबरं न बघताच टाकली होती. पूर्वीच्या प्रत्येक मालात लहान, मध्यम, मोठी अशी तीन मापांची मऊ रबरं यायची. यात एकच माप होतं, पातळ आणि टणक, बाटलीच्या बुचाइतकं टणक. ते कानात बसतच नव्हतं. कडेने फट राहत होती आणि सगळा बेस त्या फटीतून निघून जात होता. माल पास करताना बाईंनी निळ्या डबीचा आवाज ऐकलाच नव्हता. त्यांनी आपल्या मापाच्या रबरांचा आवाज ऐकला होता. आणि परतीचा माल तपासताना किळस आली म्हणून तेवढा खरा ऐकला होता.

त्या खाली गोदामात गेल्या. मागच्या मांडणीआड व्याह्यांनी उघडलेल्या निळ्या डब्या नीट रचून ठेवलेल्या होत्या. शेजारी जुन्या लाल डब्यांची पेटी होती, चार वर्षांपूर्वी बंद झालेल्या वायरच्या इअरफोनची. बाईंनी एक लाल डबी उघडली. इअरफोन होते, रबरं नव्हती. दुसरी उघडली, तिसरी उघडली, तेच. मग निळी उघडली. तिच्यात लाल डबीतली मऊ रबरं चढवलेली होती.

बाई तिथेच एका पेटीवर बसल्या. ज्या दुकानांतून तक्रार आली नव्हती, तिथे कुठल्या डब्या गेल्या होत्या ते आता कागदावर रेघा मारून काढायची गरज नव्हती. व्याह्यांना चूक कळली होती. ती बाईंची आहे हेही कळलं होतं. ते रोज जेवणाची सुट्टी सोडून, कडी लावून, एकेक डबी दुरुस्त करत बसले होते, आणि मालकांनी विचारलं तेव्हा त्या रबराच्या डोक्याची गोष्ट त्यांनाही ठाऊक होती, म्हणूनच त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

मालकांना सांगायला बाईंना पाच मिनिटं लागली. त्यांनी काही हातचं राखलं नाही. आपली रबरं आणि डबीतली रबरं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

“म्हणजे चूक तुमची,” मालक म्हणाले.

“हो.”

“आणि त्यांना माहीत होतं?”

“हो.”

मालकांनी ते टणक रबर दोन बोटांत दाबून पाहिलं. “उद्यापासून त्यांना यायला सांगा. माझ्यातर्फे माफीही मागा, नाहीतर राहू द्या, मीच मागतो.” मग त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि त्या यंत्रवाल्याचं कार्ड शोधू लागले. बाईंच्या देखतच शोधत होते. त्यात लपवण्यासारखं काही होतं असं त्यांना वाटलं नाही, आणि खरं तर नव्हतंही.

व्याह्यांच्या घराचं दार लेकीने उघडलं. “ये,” एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली. व्याही खिडकीशी बसून मोडक्या छत्रीच्या काड्या सरळ करत होते. बाई समोरच्या खुर्चीच्या टोकावर बसल्या.

“व्याहीबुवा, मी मालकांना सगळं सांगून आले. रबरांचं, माझ्या चुकीचं, तुम्ही काय करत होतात त्याचं. उद्यापासून तुम्हाला बोलावलंय.”

व्याह्यांनी छत्री मांडीवर ठेवली. “यंत्राचं काही बोलले?”

“कार्ड शोधत होते.”

“अरेरे.” त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. “मला वाटलं, लाल डब्यांतली रबरं पुरतील आणि तेवढ्यात पुढचा माल येईल. पुढच्या मालाला बनवणाऱ्यांनी चांगली रबरं घातली असती, तर कुणाला काही कळलंच नसतं. नाही पुरली.”

“तुम्हाला कळलं कधी?”

“पहिला नग परत आला त्याच दिवशी. मी कानात घालून पाहिला, बसेचना. म्हटलं, बाईंच्या कानात बसला कसा? मग आठवलं, तुम्ही तुमची घालता.”

“मालकांना सांगितलं नाहीत ते मला समजलं. पण मला? मला एकटीला बाजूला घेऊन का नाही सांगितलंत?”

व्याह्यांनी एक काडी डोळ्यासमोर धरून ती सरळ झाली का ते पाहिलं. मग म्हणाले, “विहीणबाई, मी सांगितलं असतं, तर तुम्ही खरं मानलं असतं?”

‘हो’ म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. पण तो ‘हो’ कसा ऐकू येईल, ते त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं?

“नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच काहीतरी लपवताय असं मला वाटलं असतं.”

“मलाही तसंच वाटलं,” व्याही म्हणाले आणि त्यांनी दुसरी काडी हातात घेतली.

बाई कान देऊन ऐकत होत्या. त्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, दुखावल्याची खूणसुद्धा नव्हती. सहा वर्षांत या माणसाने बाईंकडून विश्वासाची अपेक्षाच केली नव्हती. मिळणार नाही हे धरून चालूनच तो त्यांची चूक झाकत बसला होता. लेकीने चहा आणून हातात दिला. बाईंनी कप तोंडाशी नेला, तो तसाच खाली ठेवला, आणि व्याह्यांच्या घरात, लेकीच्या देखत, त्या रडायला लागल्या.